स्वयंचलित दार आणि यंत्राचा हात

भोर गावाजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण आहे. आजचे हे धरण १९२८ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास येसाजी कंकांचे नाव दिलेले असून त्यात सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी मावते. पावसाळ्यात जलाशय तुडुंब भरला, म्हणजे सांडव्याची ४५ दारे आपोआप उघडतात. मध्यरात्र असो, मुसळधार पाऊस असो, दार उघडण्यासाठी कोणास धावत जावे लागत नाही.

हे कसे घडते? अशा दारांच्या एका प्रकारात कप्पीवरून साखळी घेतलेली असते. साखळीच्या एका टोकास दार व दुसऱ्या टोकास त्याला तोलून धरणारे जड वजन असते. हे वजन विहिरीसारख्या कुंडात लोंबत राहते. जलाशयाच्या पाण्याने ठरलेली रेषा ओलांडली, की जास्तीचे पाणी कुंडात शिरते. पाण्यात बुडालेली वस्तू हलकी होते, हे आर्किमिडीजचे तत्त्व सर्वांस ठाऊक आहे. वजन हलके झाले, की तोल फिरतो आणि दार उघडते. पातळी उतरून कुंड रिकामे झाले, म्हणजे वजन पुन्हा जड होते व दार मिटते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले विश्वेश्वरय्या यांनी १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर स्वयंचलित दारे बसविली, ती प्रसिद्धच आहेत.

येथे दार हे यंत्र, आणि कुंडातील वजन हा त्याचा नियंत्रक होय. एका दाराचे वजन काढून भलत्याच दारास लावले, तर काय होईल? वजन फार जड असेल तर पूर आला तरी दार उघडणार नाही, आणि फार हलके असेल तर भर उन्हाळ्यासाठी राखलेले पाणी वाहून जाईल. यंत्र व त्याचा नियंत्रक ही जोडी जुळलेलीच असावी लागते.

हीच गोष्ट आजच्या कारखान्यांतील यंत्रमानवाची. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून आला. मूळ शब्दाचा अर्थ वेठ. नाटकातले रोबो माणसासारखे दिसत, पण कारखान्यातला यंत्रमानव म्हणजे बहुधा नुसता एक लोखंडी हात. असा पहिला हात १९६१ साली अमेरिकेतील मोटारींच्या कारखान्यात तप्त ओतीव भाग उचलू लागला. पुण्यात टाटा उद्योगसमूहातील एका कंपनीने ‘ब्राबो’ नावाचा भारतीय बनावटीचा हात २०१७ साली बाजारात आणला. त्याचा एक प्रकार २ किलोग्रॅम, तर दुसरा १० किलोग्रॅम ओझे उचलणारा होता.

अशा हातास बहुधा सहा सांधे असतात. प्रत्येक सांध्यात एक मोटर, सांधा किती वळला हे मोजणारा एन्कोडर आणि एक ब्रेक असतो. या सर्वांस हुकूम देणारी पेटी म्हणजे नियंत्रक, कारखान्यातील भाषेत कंट्रोलर. एखाद्या लहान कारखानदाराने जुना हात स्वस्तात घेतला आणि त्यास दुसऱ्याच हाताचा कंट्रोलर जोडला, तर पंचाईत होते. पेटीने सहाही मोटरींना योग्य तेवढा विद्युत्प्रवाह दिला पाहिजे. एन्कोडरची सांकेतिक भाषा तिला कळली पाहिजे. आणि हाताच्या प्रत्येक भागाची लांबी तिला ठाऊक असली पाहिजे. लांबी चुकीची धरली, तर हात निराळ्याच जागी जाईल, आणि त्या जागी एखादा कामगार उभा असू शकेल.

ही भीती काल्पनिक नाही. १९७९ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एक कामगार साठ्याच्या मांडणीवर सुटे भाग काढण्यास चढला असता यंत्राच्या हाताचा तडाखा बसून मरण पावला. माणूस वाटेत आहे, हे त्या यंत्रास कळण्याची सोयच नव्हती. पुढे न्यायालयात ज्यूरीनेही सुरक्षेची व्यवस्था अपुरी ठरविली.

म्हणून नियंत्रक निवडताना एक प्रश्न आधी विचारावा लागतो : वीज गेली किंवा तार तुटली, तर यंत्राने काय करावे? धरणाच्या दाराने उघडावे, हात मात्र जागच्या जागी थांबावा. पण त्याच्या पंजाने धरलेली वस्तू सोडता कामा नये. यास्तव हाताचे ब्रेक मोठ्या युक्तीने केलेले असतात. वीज असेपर्यंत ते सुटे राहतात. वीज जाताच स्प्रिंग त्यांना आवळते. तांबड्या रंगाच्या आणीबाणीच्या बटणाचेही तसेच. त्याच्या तारेतून प्रवाह सतत वाहत असतो आणि तो खंडित झाला, की यंत्र थांबते. उंदराने तार कुरतडली तरी यंत्र थांबणारच! शिवाय अशा तारा दोन घालतात, कारण एकीत दोष शिरला तर दुसरीने काम करावे.

हाताभोवती जाळीचा पिंजरा असतो. त्याचे दार उघडताच हात थांबतो. जाळीऐवजी प्रकाशकिरणांचा पडदा असेल, तर त्याचे अंतर गणिताने काढतात. माणसाचा हात सेकंदाला सुमारे दोन मीटर पुढे येतो असे धरले आणि यंत्र थांबण्यास पाव सेकंद लागत असला, तर पडदा किमान अर्धा मीटर दूर हवा.

पिंजऱ्यात शिरून हातास काम शिकविताना त्याचा वेग सेकंदाला २५ सेंटिमीटरहून अधिक ठेवत नाहीत. म्हणजे साधारण एक वीत. शिकविणाऱ्याच्या मुठीत एक कळ असते. ती हलकी दाबून धरली तरच हात हलतो. ती सोडली तर हात थांबतो. पण ती घट्ट आवळली तरीही थांबतो. घाबरलेला माणूस वस्तू टाकून देईल की मूठ आवळील, हे आधी सांगता येत नाही, हे कळ करणाऱ्याने ओळखले होते.

नवा नियंत्रक बसविल्यावर हातास पुरे ओझे देऊन मुद्दाम वीज तोडतात आणि तो किती खाली सरकला ते मोजतात. मग प्रत्येक बटण, प्रत्येक दार एकेक करून तपासतात. त्यानंतरच पिंजऱ्याचे दार लावून काम सुरू होते.