धंद्यासाठी पहिला डिजिटल कॅमेरा : जुनी बॉडी, चांगली लेन्स आणि रोखीचा व्यवहार

नोकरी मिळत नाही आणि कोरडवाहू शेतीत भागत नाही, अशा तरुणापुढे थोड्या भांडवलाचे जे धंदे असतात त्यांत फोटोग्राफीचे नाव हमखास येते. आटपाडीसारख्या तालुक्याच्या गावी या धंद्यास वावही आहे. गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पांगलेली या भागातील कुटुंबे लग्नकार्यासाठी गावी परततात व खर्चात हात आखडता घेत नाहीत. शनिवारच्या बाजारात शेळ्या-मेंढ्यांची मोठी उलाढाल होते. डाळिंबाचे सौदे होतात. या साऱ्यांत छायाचित्रास मागणी आहे. अडचण येते ती पहिल्या पायरीवर. हातात तीस-चाळीस हजार रुपये असतात, दुकानात डोळे दिपविणारे कॅमेरे मांडलेले असतात आणि विक्रेता हप्त्याचा फॉर्म पुढे सरकवितो. प्रस्तुत लेखात या पायरीचाच विचार केला आहे.

प्रथम एक प्रश्न. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असताना गिऱ्हाईक फोटोग्राफरला पैसे का देईल? उन्हात उभ्या माणसाचा फोटो मोबाईलवर उत्तम येतो; त्यासाठी कोणी दाम मोजणार नाही. दाम मिळतो तो मोबाईल जेथे तोकडा पडतो तेथे. मशिदीतील मंद प्रकाशात होणारा निकाह, रात्रीची रुखसत, लांबच्या स्टेजवरील भाषण, अल्बममध्ये मोठ्या आकारात छापायचा फोटो ही ती ठिकाणे. कॅमेरा निवडताना हीच कामे डोळ्यांपुढे ठेवावीत. जाहिरातीतील मोठमोठ्या आकड्यांचा त्यांच्याशी फारसा संबंध नसतो.

डीएसएलआर म्हणजे ज्याच्या पोटात आरसा असतो असा कॅमेरा. लेन्समधून आलेले दृश्य आरशावरून वर जाऊन डोळ्यास दिसते. बटण दाबताच आरसा उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. पूर्वीच्या कॅमेऱ्यात सेन्सरच्या जागी ३६ फोटोंचा रोल असे, एवढाच मूळ फरक. हा प्रकार सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो २००३ साली कॅननच्या ३००डी या मॉडेलने. एक हजार डॉलरच्या आत मिळणारा तो पहिला डीएसएलआर. त्याची क्षमता होती जेमतेम सहा मेगापिक्सेल. नंतरची पंधरा-सोळा वर्षे हाच कॅमेरा लग्नाच्या मांडवात मिरवला.

आता वारे फिरले आहे. कंपन्यांनी आपले सारे लक्ष बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळविले. आपला सर्वांत वरच्या श्रेणीतील डीएसएलआर हा त्या मालिकेतील शेवटचा असेल असे कॅननच्या प्रमुखांनी २०२१ च्या अखेरीस सांगितले, आणि निकॉनने डी३५०० व डी५६०० ही नवशिक्यांची लोकप्रिय मॉडेले २०२२ पर्यंत बंद केली. हे ऐकून काही तरुण बिचकतात व जुना प्रकार घ्यावा की नाही म्हणून अडून बसतात. वास्तविक कमी भांडवलवाल्यास ही संधी आहे. सांगली, कोल्हापूर, पुण्याचे स्टुडिओवाले मिररलेस घेऊन आपले डीएसएलआर विकायला काढतात. चांगल्या स्थितीतील वापरलेला कॅमेरा आज नव्याच्या निम्म्या किमतीत, कधी त्याहूनही कमीत हाती येतो. फोटो काही कमी प्रतीचा येत नाही.

मेगापिक्सेलचा हिशेब एकदा मांडून पाहावा, म्हणजे पुन्हा त्यात फसायला होत नाही. अल्बमचे एक पान १२ बाय १८ इंचांचे धरले आणि उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके लागतात असे मानले, तर ३६०० गुणिले ५४००, म्हणजे सुमारे साडेएकोणीस मेगापिक्सेल होतात. निकॉन डी५६००, कॅनन २००डी, कॅनन १५००डी हे सारे २४ मेगापिक्सेलचे आहेत. जुना १८ मेगापिक्सेलचा कॅननही इंचाला २८८ ठिपके देतो. पान हातात घेऊन पाहणाऱ्यास हा फरक कळायचा नाही. पुढचे मेगापिक्सेल फक्त संगणकाची जागा खातात.

खरा फरक लेन्स करते. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५ लेन्सवर ३.५-५.६ असा आकडा लिहिलेला असतो. हा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे उघडते. ५५ वर झूम केले की ही लेन्स ५.६ च्या पुढे उघडत नाही. त्याच जागी १.८ आकड्याची ५० मिलिमीटरची साधी लेन्स लावली तर नऊ पटींहून अधिक प्रकाश आत येतो. मशिदीत काझीसाहेब खुतबा देत असताना डोळ्यावर फ्लॅश मारणे शोभत नाही, आणि पुष्कळदा तशी परवानगीही नसते. तेथे किट लेन्सवर फोटो हलतो किंवा काळा पडतो. ५० ची लेन्स ते काम निभावून नेते. या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांवर ५० ची लेन्स ७५-८० मिलिमीटरसारखी जवळ ओढते, म्हणून अरुंद खोलीत ती अडचणीची ठरते. ज्याची कामे बहुतेक घराच्या आत असतील त्याने निकॉनची ३५ मिलिमीटर १.८ लेन्स पाहावी.

येथे निकॉन घेणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. डी३००० व डी५००० या मालिकांतील बॉडीत फोकसची मोटर नसते. ती लेन्समध्ये असावी लागते. जुनी ‘एएफ-डी’ लेन्स स्वस्त मिळते म्हणून घेतली तर या बॉडीवर प्रत्येक फोटोस हाताने फोकस करीत बसावे लागेल. लेन्सवर ‘एएफ-एस’ लिहिलेले पाहावे. ‘एएफ-पी’ लेन्सही चालते, परंतु फार जुन्या बॉडीवर ती चालत नाही. म्हणून दुकानातच लावून पाहावी. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर असतेच, त्यामुळे हा घोळ होत नाही. पुढे मिररलेस घ्यायची वेळ आली तरी कॅननच्या या लेन्स आणि निकॉनच्या एएफ-एस लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून नव्या बॉडीवर फोकससह चालतात. बॉडी पाच वर्षांत जुनी होते, लेन्स दोन-तीन बॉड्यांना पुरून उरते. पैसा कोठे घालावा हे यावरून उघड आहे.

जुन्या लोकांच्या भाषेत आण्यांत सांगायचे तर रुपयातील आठ आण्यांपेक्षा अधिक किट लेन्ससह बॉडीला जाऊ देऊ नयेत. चार आणे १.८ च्या लेन्सला, दोन आणे फ्लॅशला आणि उरलेले दोन आणे कार्ड, जादा बॅटरी व बॅग यांना ठेवावेत. चाळीस हजारांचा हिशेब असेल तर वीस, दहा, पाच आणि पाच. साऱ्या रकमेची नवी कोरी बॉडी घेऊन फ्लॅशला पैसे उरले नाहीत, तर पहिल्याच वलीम्यात दुसऱ्याचा फ्लॅश मागत फिरावे लागते.

फ्लॅशविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. कॅमेऱ्यावरचा लहान फ्लॅश चेहरा पांढराफटक करतो आणि मागे काळी सावली पाडतो. स्वतंत्र फ्लॅश छताकडे वळवून मारला की उजेड मऊ होऊन खाली येतो. पण आपल्याकडील मांडवाचे छत बहुधा लाल, हिरव्या वा पिवळ्या कापडाचे असते. त्यावर मारलेला उजेड तोच रंग घेऊन नवऱ्या मुलाच्या शेरवानीवर उतरतो, आणि संगणकावर तो काढताना रात्र जाते. अशा मांडवात फ्लॅशवर पांढरे टोपण लावून तो तिरका धरावा, किंवा पांढऱ्या भिंतीचा आधार घ्यावा. गोडॉक्ससारख्या कंपन्यांचे फ्लॅश मूळ कंपनीच्या फ्लॅशपेक्षा पुष्कळच स्वस्त आहेत व नवशिक्यास पुरेसे आहेत. मात्र कॅननसाठीचा वेगळा आणि निकॉनसाठीचा वेगळा असतो, हे घेताना सांगावे.

वापरलेला कॅमेरा पारखण्यासाठी दिवसाउजेडी जावे आणि स्वतःचे कार्ड बरोबर न्यावे. शटर किती वेळा उघडले आहे याचा आकडा पाहावा. या श्रेणीतील शटर साधारण एक लाख फोटोंच्या हिशेबाने बनविलेले असते. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाईलमध्येच नोंदलेला असतो. कॅननमध्ये तो सहज दिसत नाही, त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर वा सर्व्हिस सेंटर गाठावे लागते. घरगुती वापराच्या कॅमेऱ्यात वीस-तीस हजारांचा आकडा सापडतो. लग्नसराईत राबलेल्या कॅमेऱ्यात तो लाखाच्या घरात असतो, मग बाहेरून कितीही चकचकीत असो. मुठीचे रबर सुटले असेल आणि फ्लॅशची पट्टी घासून उघडी पडली असेल, तर कॅमेरा किती राबला आहे ते न विचारता कळते. नंतर लेन्सचे तोंड २२ वर लहान करून मोकळ्या आकाशाचा एक फोटो घ्यावा; सेन्सरवरील धुळीचे डाग ठिपक्यांसारखे उठून दिसतात. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. लेन्समधून टॉर्चचा उजेड टाकून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी होय, आणि अशी लेन्स फुकट मिळाली तरी नको. मुंबई-कोकणाच्या दमट हवेतून आलेल्या मालात ही तपासणी विशेष करावी. माणदेशच्या कोरड्या हवेत बुरशीचे भय कमी, पण धूळ अतोनात. मेंढीबाजारात उभे राहून लेन्स कधीही बदलू नये.

बिल, वॉरंटी कार्ड व बॉडीवरील सीरियल नंबर जुळवून पाहावेत. बिल नसलेला माल चोरीचा असू शकतो. विकणाऱ्यानेही दोष सांगून विकावे. धान्याच्या ढिगात खाली ओला माल दडविणाऱ्या व्यापाऱ्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कसे फटकारले होते, हे आपल्या वाचकांस ठाऊकच आहे, शटरचा आकडा दडविणे त्याहून वेगळे नाही.

आता पैशांविषयी. ‘नो कॉस्ट’ हप्ता म्हणजे बिनव्याजी हप्ता, असा अनेकांचा समज असतो. शून्य टक्के व्याजाच्या अशा योजनांत व्याज दुसऱ्या नावाने वसूल होते, हे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ साली बँकांच्या निदर्शनास आणून त्यांस मनाई केली होती. व्याज प्रोसेसिंग फीमध्ये तरी असते, नाहीतर रोखीने घेणाऱ्यास मिळणारी सवलत हप्तेवाल्यास मिळत नाही. म्हणून दुकानदारास प्रथम रोखीचा भाव विचारावा. दोन भावांतील फरक हेच त्या हप्त्याचे व्याज. ज्यास सुदापासून दूर राहायचे आहे त्यास मार्ग नाहीत असे नव्हे. नात्यातील वा जमातीतील कोणाकडून कर्जे हसना घेता येते. दुसरा मार्ग मुदारबतचा : भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची आणि नफ्याचा वाटा आधी ठरलेला. धंद्यात तोटा आला तर तो भांडवलवाल्याचा, मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया जाते. मात्र हयगयीने कॅमेरा पाडला तर जबाबदारी वापरणाऱ्याची. हे सारे दोन साक्षीदारांसमोर कागदावर लिहून ठेवावे. सख्ख्या भावांतही कागद असावा, कारण कॅमेऱ्याची किंमत दरवर्षी उतरते आणि वाटणीच्या वेळी आठवणी बदलतात.

छायाचित्राच्या शरई बाजूविषयी उलेमांत मतभिन्नता आहे, तो या पानाचा विषय नव्हे. ज्याचे मन माणसांच्या फोटोस राजी नाही त्यालाही डाळिंबाच्या पेट्या, दुकानातील माल, दागिने, इमारती व प्लॉट यांची कामे आहेत. खरेदीदार आज प्रथम फोटोच मागतो. २०२० साली आटपाडीच्या बाजारात माडग्याळ जातीच्या एका मेंढ्यास ७० लाखांची मागणी आल्याची बातमी देशभर छापून आली होती. असा नामांकित मेंढा वा खिलार खोंड बाळगणारा मालक चांगल्या फोटोसाठी पैसे देण्यास कां-कूं करीत नाही.

आणखी एका कामाकडे आपल्या समाजाचे लक्ष गेलेले नाही. निकाहात महिलांच्या बाजूस पुरुष फोटोग्राफर नको असतो. मग तेथे एक तर मोबाईलवर काम भागवतात किंवा फोटोच होत नाहीत. घरातील एखादी बहीण वा मुलगी हा कॅमेरा शिकली तर तालुक्यात तिला स्पर्धा कोणाची? वर सांगितलेली बॉडी, ५० ची लेन्स व फ्लॅश एवढ्यावर तिचे काम सुरू होते. येथे एक पथ्य पाळावे लागेल. त्या कार्डावरील फोटो ही त्या घराची अमानत आहे. जाहिरातीसाठी ते कोठेही टाकू नयेत आणि कार्ड दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

कार्डावरून आठवले. या श्रेणीतील कॅमेऱ्यांत कार्डाची एकच खाच असते. निकाह पुन्हा होत नाही. एक मोठे कार्ड घेण्यापेक्षा मध्यम क्षमतेची नामांकित कंपनीची दोन-तीन कार्डे घ्यावीत, कार्यक्रमाच्या मध्यावर बदलावीत आणि घरी पोहोचताच दोन ठिकाणी उतरवून मगच रिकामी करावीत. दोन खाचांची बॉडी हवी असेल तर वापरलेल्या निकॉन डी७२०० चा विचार करावा. तिच्यात फोकसची मोटरही असते, त्यामुळे जुन्या स्वस्त एएफ-डी लेन्सही चालतात. वजन मात्र अधिक.

खरेदीची वेळ साधावी. लग्नसराईच्या तोंडावर जुना मालही महाग होतो. आषाढात लग्ने थांबली की स्टुडिओवाले हिशेब करतात आणि कॅमेरे विक्रीस निघतात. त्याआधी सांगली वा कोल्हापुरात एखाद्या दिवसाच्या भाड्याने तोच कॅमेरा आणून हाताला बसतो का ते पाहावे. पावसाळ्याचे चार महिने सरावास मिळतात. मग कार्तिकात उत्तरेश्वराची यात्रा भरते व मेंढ्यांचा बाजार फुलतो, आणि लगोलग लग्नांचे मुहूर्तही सुरू होतात.