खसखशीएवढा तुकडा

मार्च 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेले कोरोना विषाणूचे चित्र प्रसिद्ध केले. एक कण, 75 नॅनोमीटरचा. विषाणूचे बरे असते: जाळीवर थेंब ठेवून रंगवला की मिनिटांत काम होते. किडनीचा तुकडा मात्र याच सूक्ष्मदर्शकाखाली जाईपर्यंत आठवडा खातो.

बायोप्सी नांदेडात किंवा लातुरात झाली आणि नमुना पुण्या-मुंबईला पाठवायचा ठरला, तर निम्मा निकाल बायोप्सीच्या टेबलावरच लागतो. रक्तपुरवठा तुटताच पेशी बिघडू लागतात. म्हणून खसखशीएवढा, जेमतेम एक मिलिमीटरचा तुकडा लगेच ग्लुटाराल्डिहाइडमध्ये टाकायचा. मोठा टाकला तर द्रव झिरपायच्या आत गाभा नासतो. सवयीने फॉर्मेलिनच्या बाटलीत गेला तर चित्र निघते, पण बारकावे पुसट होतात. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जाताना तो गार ठेवायचा, गोठू द्यायचा नाही. बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात.

तिकडे प्रयोगशाळेत आधी ऑस्मियम, मग चढत्या तीव्रतेचे अल्कोहोल, मग रेझिन. साठ अंशांच्या ओव्हनमध्ये दोन दिवसांत रेझिन दगड होते. काचेच्या किंवा हिऱ्याच्या सुरीने त्याचे काप काढतात, 70 नॅनोमीटर जाडीचे, म्हणजे केसाचा साधारण हजारावा भाग. यंत्रावर आकडा लावतात, पण विश्वास ठेवतात रंगावर. पाण्यावर तरंगणारा काप चंदेरी दिसला तर बरोबर, सोनेरी म्हणजे जरा जाड, जांभळा टाकून द्यायचा. या सगळ्या कारभारात मला हीच जागा आवडते: कोट्यवधींच्या यंत्राच्या दारात साबणाच्या फुग्याचा न्याय चालतो.

मग तांब्याच्या जाळीवर युरेनियम आणि शिशाचे रंग. शिसे लहरी, श्वासातला कार्बन डायऑक्साइड लागला तरी काळे डाग पडतात. पूर्वी चित्र फिल्मवर घेऊन अंधाऱ्या खोलीत धुवायचे. आता इलेक्ट्रॉन पडद्यावर आदळून उजेड होतो, तो डिजिटल कॅमेरा टिपतो. चित्र करडेच येते. मासिकांतले रंग मागाहून भरलेले.

एवढा खटाटोप कशासाठी? नेफ्रोटिक सिंड्रोमच्या एका प्रकारात साध्या सूक्ष्मदर्शकाखाली किडनी निर्दोष दिसते. पण गाळणीवरच्या पेशींची बोटे सपाट होऊन एकमेकांत मिसळलेली असतात, ती फक्त इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

घरात कुणाची किडनी बायोप्सी ठरली, तर सुई टोचण्याआधी डॉक्टरांना एवढे विचारा: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची तपासणी लागेल का, आणि लागणार असेल तर ग्लुटाराल्डिहाइडची बाटली तयार आहे का?