सीपॅप यंत्र केव्हा बदलावे? गैरसमज आणि वस्तुस्थिती

झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग वारंवार मिटतो आणि श्वास १० सेकंद वा त्याहून अधिक काळ थांबतो, या विकारास स्लीप ॲप्निया किंवा निद्राश्वासरोध म्हणतात. नाकावाटे सतत दाबयुक्त हवा देऊन हा मार्ग उघडा ठेवण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडली आणि आजचे घरगुती सीपॅप यंत्र त्याच तत्त्वावर चालते. सोलापुरातील बहुतेक कुटुंबांत असे यंत्र पदरमोड करूनच घेतले जात असल्यामुळे, जुने ठेवावे की नवे घ्यावे याचा निर्णय ऐकीव माहितीवर सोपवणे परवडणारे नसते.

गैरसमज : पाच वर्षे झाली की यंत्र बदललेच पाहिजे.
वस्तुस्थिती : पाच वर्षांची मुदत प्रामुख्याने अमेरिकेतील ‘मेडिकेअर’ या सरकारी विमा योजनेच्या नियमातून आली असून, ती नव्या यंत्राचा खर्च केव्हा मिळेल हे सांगते, जुने यंत्र निकामी झाले असे नव्हे. खरा निकष आहे तो यंत्रात नोंदल्या जाणाऱ्या एएचआय या निर्देशांकाचा, म्हणजे तासाभरात श्वास किती वेळा थांबला किंवा उथळ झाला या सरासरीचा. उपचाराविना हा आकडा ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र मानला जातो; यंत्र लावून तो ५ च्या खाली राहत असेल आणि दिवसा झोप अनावर होत नसेल, तर केवळ वयामुळे यंत्र मोडीत काढण्याचे कारण उरत नाही. मात्र मोटरचा आवाज बदलणे, दाब अस्थिर होणे किंवा मोटरचे आयुष्य संपल्याचा संदेश पडद्यावर येणे ही तपासणीची वेळ झाल्याची चिन्हे होत.

गैरसमज : घोरणे आणि थकवा परतला, म्हणजे यंत्र बिघडले.
वस्तुस्थिती : दोष बहुधा यंत्रापेक्षा मास्कमध्ये सापडतो. घाम आणि त्वचेच्या तेलाने मास्कची सिलिकॉनची कड सैल पडते, मग पट्टा अधिक आवळला जातो, नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठतो आणि तरीही डोळ्यांकडे हवा सुटतच राहते. कड, पट्टा, नळी आणि फिल्टर हे भाग ठरावीक काळाने बदलण्याचेच असतात. यंत्रमागांच्या कापूसधुळीच्या परिसरात तर पांढरा फिल्टर लवकर राखाडी पडतो. दुसरे कारण वजनाचे असते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका दीर्घकालीन अभ्यासात वजन १० टक्के वाढल्यास एएचआय सुमारे ३२ टक्क्यांनी वाढत असल्याचे आढळले. अशा वेळी यंत्र तेच ठेवून डॉक्टरांकडून दाब नव्याने ठरवून घेणे पुरेसे ठरू शकते.

गैरसमज : साध्या सीपॅपपेक्षा ऑटो सीपॅप आणि त्याहून बायपॅप वरचढ.
वस्तुस्थिती : ही गुणवत्तेची चढती पायरी नव्हे. ऑटो सीपॅप रात्रभर गरजेनुसार दाब कमीजास्त करते, तर बायपॅप श्वास घेताना अधिक व सोडताना कमी असे दोन दाब देते आणि ज्यांना उच्च दाब सोसवत नाही किंवा ज्यांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, अशांना ते लागते. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, इतर गंभीर आजार नसलेल्या रुग्णांत साधे सीपॅप आणि ऑटो सीपॅप दोन्ही सारखेच स्वीकारार्ह आहेत. उलट, चुकीची निवड अंगाशी येऊ शकते : श्वासागणिक आधार बदलणारे एएसव्ही हे महागडे यंत्र, हृदयाची पंपक्षमता घटलेल्या आणि मेंदूकडून श्वासाचा संदेशच खंडित होणाऱ्या रुग्णांत मृत्यूचा धोका वाढवते, असे २०१५ च्या ‘सर्व्ह-एचएफ’ चाचणीत दिसले.

गैरसमज : सोलापूरच्या उन्हाळ्यात जुने यंत्र टिकत नाही.
वस्तुस्थिती : अनेक यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत, नव्या मॉडेलांच्याही, वापराचे तापमान सुमारे ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच दिलेले असते, तर येथील उन्हाळा ४० अंश ओलांडतो, म्हणून यंत्र कोणतेही असले तरी ते हवेशीर जागी, गादी-पांघरुणापासून दूर ठेवावे लागते. हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये बोअरचे क्षारयुक्त पाणी घातल्यास तळाशी पांढरा थर बसतो, तेव्हा डिस्टिल्ड वॉटरच वापरावे. वीज गेल्यावर यंत्र बंद पडण्याच्या तक्रारीवरही नवे यंत्र हा उपाय नव्हे : साइन वेव्ह इन्व्हर्टर जोडून आणि सर्वाधिक वीज खाणारा ह्युमिडिफायरचा हीटर तेवढा वेळ बंद ठेवून रात्र निभावता येते.

गैरसमज : ओळखीतून मिळालेले वापरलेले यंत्र म्हणजे स्वस्तातली सुधारणा.
वस्तुस्थिती : जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आवाज शोषणारा पॉलियुरेथेनचा फोम झिजून त्याचे कण व वायू श्वासात जाण्याच्या शक्यतेमुळे पहिल्या पिढीतील ड्रीमस्टेशनसह लाखो यंत्रे जगभरातून परत मागवली, आणि ओझोनने केलेली सफाई ही झीज वाढवते असेही निष्पन्न झाले. त्यामुळे अनुक्रमांक तपासल्याशिवाय असे यंत्र घेऊ नये, आणि त्यावरील आधीच्या रुग्णाचा दाब तसाच ठेवून तर कधीच झोपू नये.

अखेरीस, महाग यंत्र अधिक गुण देते हा समज तपासताना २०१६ ची ‘सेव्ह’ चाचणी लक्षात घ्यावी लागते : आधीपासून हृदय वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ प्रौढांत सीपॅपमुळे दिवसाची झोपाळू अवस्था कमी झाली, परंतु हृदयविकार आणि पक्षाघात टळल्याचे दिसले नाही, आणि तेथील सरासरी वापर रात्री अवघा ३.३ तास होता. म्हणून खर्चाआधी वापराचे तास, हवेची गळती आणि एएचआय यांची महिन्याभराची नोंद छातीविकारतज्ज्ञास दाखवावी, पहिल्यांदा मास्क, मग दाब आणि सर्वांत शेवटी यंत्र बदलावे. परत मागवलेले यंत्र मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने विनाविलंब बदलावे.