बोट विकत घ्यावी की भाड्याने? आधी रविवार मोजा

मित्राने मांडव्याला जाताना स्पीडबोटीतलं रील टाकलं की आपण लगेच सेकंडहँड बोटींच्या जाहिराती चाळायला लागतो. दरवेळी भाडं भरण्यापेक्षा एक घेऊनच टाकली तर?

थांबा, हिशोब करू. सोपे जावेत म्हणून आकडे मनाने धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा नवी बोट ३० लाखांची. २२ सप्टेंबर २०२५ पासून हौसेच्या बोटींवर ४० टक्के जीएसटी लागतो, म्हणजे वर १२ लाख. झाले ४२. हेच पैसे बँकेत ६ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला २ लाख ५२ हजार व्याज आलं असतं. शिवाय बोटवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे: किमतीच्या १० टक्के दरवर्षी देखभालीला. ते ३ लाख. बोट जागची हललीही नाही आणि साडेपाच लाख गेले! डिझेल आणि बोटीची घटणारी किंमत तर धरलेलीच नाही.

आता तांडेल आणि डिझेलसकट दिवसाचं भाडं २५ हजार धरा. साडेपाच लाखांत २२ फेऱ्या होतात.

२२ म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण मुंबईचा पावसाळा लक्षात घ्या. खवळलेल्या समुद्रामुळे गेटवे-मांडवा लाँचसुद्धा तेव्हा बंद असतात. ऑक्टोबर ते मे धरले तर रविवार मिळतात ३५ च्या आसपास. त्यातून दिवाळी, लग्नं, पोरांच्या परीक्षा वजा करा.

बाकीचे दिवस बोट नुसती उभी असते, पण खर्च उभा राहत नाही. खाऱ्या पाण्यातून आल्यावर आउटबोर्ड इंजिन गोड्या पाण्याने धुवावं लागतं. तळाला शेवाळ आणि शिंपल्यासारखे जीव चिकटले की वेग घटतो, डिझेल जास्त जळतं. म्हणून तळ खरवडून खास रंग द्यायचा. पावसाळ्याआधी बोट किनाऱ्यावर ओढून शाकारायची. विमा, नोंदणी, नांगरायची जागा वेगळीच.

अलिबागला घर आहे, दर आठवड्याला जाणं आहे आणि इंजिनात हात घालायची आवड आहे, तर खुशाल घ्या. तिघा मित्रांत घेणार असाल तर तारखा आणि दुरुस्तीचा वाटा आधीच कागदावर आणा, नाहीतर बोट राहील आणि मैत्री बुडेल.

भाड्याने घेतानाही डोळे उघडे हवेत. १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट धडकली, त्यात जीव गेले. त्यामुळे प्रत्येकाला, लहान मुलांनाही, मापाचं लाईफ जॅकेट आहे का आणि बोटीची प्रवासी क्षमता किती, हे चढण्याआधी विचारा.

तरीही घ्यायचीच असेल, तर मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी, वारा चढलेला असताना, तशीच बोट भाड्याने घेऊन घरच्यांना फिरवून आणा. कोणाकोणाला बोट लागते, ते अर्ध्या तासात कळेल.