‘नाही’ची जागा

मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, देसाईगंज या धानपट्ट्यातील तांदूळ परप्रांतात जाऊ लागला, तसा त्याच्या पाठोपाठ इंग्रजी पत्रव्यवहारही व्यापारी घरांत शिरला. पूर्वी मुनीमजी चार ठरावीक वाक्यांत काम भागवीत. आता पेढीवरची तरुण मुले आणि घरच्या सुना मोबाइलवर थेट उत्तरे लिहितात. शब्द त्यांना पुष्कळ येतात, स्पेलिंग यंत्र सुधारून देते. अडखळायला होते ते ‘कोणी’, ‘काही’, ‘कुठे’, ‘कधी’ या साध्या शब्दांपाशी.

याचे कारण मराठीच्या घडणीत आहे. ‘कोणी आले’, ‘कोणी आले का?’, ‘कोणी आले नाही’ या तिन्ही वाक्यांत ‘कोणी’ तोच राहतो. तो स्वतः होकारी नाही की नकारी नाही. नकाराचा सारा भार शेवटचा ‘नाही’ उचलतो. इंग्रजीत मात्र या एका शब्दाचे काम तिघांत वाटलेले आहे. ‘समबडी’ म्हणजे आहे कोणीतरी, नाव सांगितलेले नाही. ‘एनीबडी’ म्हणजे असेल वा नसेल, किंवा वाटेल तो. ‘नोबडी’च्या पोटातच नकार आहे.

‘कोणी आले नाही’ याचे शब्दशः रूप ‘एनीबडी डिड नॉट कम’ असे होते आणि ते चुकते. ‘एनी’ला नकाराच्या मागून चालावे लागते, पुढून नाही. वाक्य त्याच शब्दाने सुरू करायचे तर ‘नोबडी केम’ एवढेच लिहावे. दुसरी चूक याच्या उलट. ‘काहीच शिल्लक नाही’ यातील ‘काहीच’साठी ‘नथिंग’ घेतले आणि ‘नाही’साठी पुन्हा ‘नॉट’ आणले, की एका वाक्यात दोन नकार होतात. चौदाव्या शतकातील चॉसरच्या इंग्रजीत असे दुहेरी नकार सर्रास सापडतात, बोलीत ते आजही ऐकू येतात. पण व्यवहाराच्या पत्रात ते अशुद्धच ठरतात. ‘वी हॅव नथिंग लेफ्ट’ किंवा ‘वी डोन्ट हॅव एनीथिंग लेफ्ट’, यांपैकी एक पुरे.

या दोन्ही रचनांचा उत्तम नमुना भारतीय संविधानाच्या इंग्रजी पाठात आहे. अनुच्छेद १४ मध्ये राज्याला उद्देशून ‘शॅल नॉट’ म्हटले आहे आणि मग ‘एनी पर्सन’ आले आहे. अनुच्छेद २१ थेट ‘नो पर्सन’ने सुरू होतो, त्यामुळे पुढचे क्रियापद नकाराविना राहते. मराठीत दोन्हींचा आशय सांगताना ‘कोणत्याही व्यक्तीला’ म्हणून शेवटी ‘नाही’च यावे लागते. गडचिरोलीच्या गावागावांत ज्याची चर्चा होते त्या २००६ च्या वनहक्क कायद्यातही हक्कांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वननिवासींना जमिनीवरून न हटवण्याची तरतूद ‘नो मेंबर’ अशा शब्दांनीच केलेली आहे. आरंभीचा हा लहानसा ‘नो’ नजरेतून निसटला, तर कलमाचा अर्थच उलटा होतो.

व्यापाऱ्याला सर्वांत महाग पडणारे वाक्य मात्र वेगळेच आहे. ‘सगळी पोती ओली नाहीत.’ बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळते की काही ओली आहेत की एकही नाही. ‘ऑल बॅग्ज आर नॉट वेट’ असे कागदावर उतरले, की ही संदिग्धता तशीच राहते आणि घेणारा आपल्या सोयीचा अर्थ काढतो. एकही पोते ओले नसेल तर ‘नन ऑफ द बॅग्ज’ लिहावे, काही ओली असतील तर ‘नॉट ऑल द बॅग्ज’. वजनकपातीचा वाद येथेच मिटतो.

तेंदू-बांबूच्या निविदा वाचणाऱ्यांना ‘एनी ऑर ऑल’ हे शब्द परिचयाचे असतात: कोणतीही एक निविदा किंवा सर्वच्या सर्व नाकारण्याचा अधिकार. तेथे ‘सम’ असते तर अर्थ किती आखडला असता! ‘एनीवन’ जोडून लिहिले तर ‘कोणीही माणूस’. ‘एनी वन’ तोडून लिहिले तर ‘यांपैकी कोणताही एक’. लॉटविषयी लिहिताना दुसरेच हवे. ‘एव्हरीबडी’ मराठी मनाला अनेकवचनी वाटतो, पण त्याला ‘हॅज’ लागतो.

क्रियाविशेषणांत ‘समहाऊ’ जपून वापरावे. त्यात ‘कसेबसे’, ‘कसे ते ठाऊक नाही’ अशी छटा आहे. स्याद्वादातील ‘कथंचित्’चे भाषांतर म्हणूनच ‘समहाऊ’ने नीट साधत नाही. तेथे संशय नाही, अपेक्षाविशेष आहे. ‘इन सम रिस्पेक्ट’ अधिक जवळचे. ‘कथम्’ला ‘चित्’ जोडून संस्कृतने हा शब्द घडवला, जसे मराठी ‘कोणी’ला ‘तरी’ जोडते.

आणि उधारीच्या पत्रात एका अक्षराकडे लक्ष असावे. ‘समटाइम’ म्हणजे पुढे कधीतरी, ‘समटाइम्स’ म्हणजे अधूनमधून, ‘सम टाइम’ म्हणजे काही अवधी. ‘वी विल पे समटाइम’ असे आले तर धनकोने तारीख मागून घ्यावी.