मोजमापाच्या फुटपट्टीवर शाळा

महाराष्ट्रात शाळेची गुणवत्ता दीर्घकाळ दहावीच्या निकालावरून ठरत आली. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत विद्यार्थी आला की शाळेचे नाव होई. नववीतच कच्ची मुले गाळून शंभर टक्के निकालाचा फलक लावणाऱ्या शाळांना कोणी हटकत नसे. पुढे यादी बंद झाली, फलक राहिले. 2005 पासून ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीने पाचवीच्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येतो का, हे थेट घरी जाऊन तपासले. उत्तर झोंबणारे होते. पण ही पाहणी जिल्ह्याचे चित्र दाखवते, एकेका शाळेचे नाही.

खरी धामधूम 2010 नंतरच्या दशकातली. शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. कल्पना उत्तम होती. वर्गात तिचे नोंदवह्यांचे ओझे झाले आणि वर्णनात्मक नोंदी बाजारातल्या तयार पुस्तिकांतून उतरू लागल्या. ऑक्टोबर 2011 च्या पटपडताळणीने कागदावरची मुले उघडी पाडली. मग लोकवर्गणीतून रंगलेल्या भिंती आणि आयएसओ प्रमाणपत्रांची लाट आली. जणू शाळा म्हणजे कारखानाच. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. पायाभूत आणि संकलित चाचण्यांनी प्रत्येक मुलाकडे लक्ष वेधले, हे श्रेय त्याला द्यावेच लागेल. मात्र पेपर तपासणारे शिक्षक त्याच शाळेचे, आणि वरून विचारणा ‘प्रगत’ शाळांच्या संख्येची. आकडा वाढणार नाही तर काय! पाठोपाठ आलेल्या ‘शाळासिद्धी’ या शाळा-मूल्यमापन उपक्रमात सात क्षेत्रे आणि 46 मानके होती. तिथेही सुरुवात स्वयंमूल्यमापनाने.

या सगळ्यात अन्याय झाला तो बीडसारख्या भागातल्या शाळांवर. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुले उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. बुडालेल्या महिन्यांचा हिशेब शाळेच्या नावावर पडतो. डिसेंबर 2017 मध्ये तर दहापेक्षा कमी पटाच्या 1314 शाळा बंद करण्याचा निर्णय झाला आणि त्याला खालावलेल्या गुणवत्तेचेही कारण जोडले गेले. वाडीवरच्या दोन शिक्षकी शाळेने मूल कुठून कुठवर आणले, हे पाहायला एकही रकाना नव्हता.

कोरोनामुळे 2020-21 मध्ये पहिली ते चौथीचे वर्ग वर्षभर बंद राहिले. तरी त्याच वर्षाच्या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय कामगिरी श्रेणी निर्देशांकात राज्याला हजारपैकी 928 गुण मिळाले. आता नव्या गुणवत्ता आराखड्यात मानकांची संख्या 128 झाली आहे, आणि माहिती भरणारा पुन्हा त्याच शाळेचा मुख्याध्यापक आहे.