सेकंड हँड फॉर्च्युनर, एन्डेव्हर घरच्या वापराला परवडते का? घेण्याआधी हा हिशेब वाचा

सेलू (जि. वर्धा) : नवी फॉर्च्युनर घ्यायची म्हटलं तर शोरूमची किंमतच ३३-३४ लाखांपासून सुरू होते. तीच गाडी दहा-बारा वर्षं जुनी घेतली तर दहा-बारा लाखांच्या आसपास मिळते. पजेरो, एन्डेव्हर याहून कमीत मिळतात. जुनी लँड रोव्हर डिस्कव्हरीसुद्धा आता मोबाईलवरच्या जाहिरातीत नव्या अर्टिगाच्या भावात दिसते. मग माणसाला वाटतं, छोटी नवी घेण्यापेक्षा मोठी जुनी काय वाईट?

आपल्या भागात हा प्रश्न जास्त येतो. समृद्धी महामार्गात जमीन गेली त्यांना मोबदला मिळाला. कोणी घर बांधलं, कोणी दुसरीकडं वावर घेतलं, कोणी दारासमोर मोठी गाडी उभी केली. आता त्याच गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातात विकायला निघाल्या आहेत. लग्नसराईच्या आधी तर चौकशी जोरात असते. म्हणून ही गाडी घरच्या रोजच्या कामाला किती उपयोगाची, ते नीट पाहू.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. गाडी जुनी झाली की तिची किंमत निम्म्याहून खाली येते. पण तिचा टायर, तिचं ऑइल, तिचा क्लच, तिचे सुटे भाग ३५ लाखांच्या गाडीचेच राहतात. घोडा स्वस्तात मिळाला म्हणून त्याची चंदी स्वस्त होत नाही.

टायरचंच पहा. फॉर्च्युनरला १७ किंवा १८ इंची रुंद टायर लागतात. कंपनीप्रमाणं एक टायर साधारण १२ ते २० हजारांना पडतो. छोट्या गाडीचा टायर तीन-चार हजारांत येतो. इंजिनात एका वेळी सात-साडेसात लिटर ऑइल जातं, छोट्या गाडीत तीन-साडेतीन लिटर. विम्याचंही तसंच. थर्ड पार्टी विम्याचा जून २०२२ पासूनचा दर १००० ते १५०० सीसीच्या गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये आहे, त्यावरच्या इंजिनाला ७,८९७ रुपये. जीएसटी वेगळा. गाडी किती जुनी, याचा या दराशी संबंध नाही.

आता वर्षाचा हिशेब मांडू. महिन्याला १,००० किलोमीटर चालली असं धरा, म्हणजे वर्षाला १२,०००.

– डिझेल : लिटरला १० किलोमीटर धरले तर १,२०० लिटर. ९१ रुपये भावानं १,०९,२०० रुपये.
– थर्ड पार्टी विमा जीएसटीसह : सुमारे ९,३०० रुपये.
– सर्व्हिसिंग, ऑइल, फिल्टर : २०,००० रुपये.
– टायर : चार टायरचे ६४,००० धरले अन् चार वर्षं चालले, तर वर्षाला १६,००० रुपये.
– दुरुस्तीसाठी बाजूला : ५०,००० रुपये. जुन्या गाडीत हे धरावंच लागतात.

बेरीज झाली २,०४,५०० रुपये. यात कर्जाचा हप्ता नाही, टोल नाही, गाडीची घसरत जाणारी किंमत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर, २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे ही गाडी वर्षाला २५ क्विंटल कापूस खाते. एकरी सहा क्विंटल उतारा धरला तर चार एकरांचा सगळा कापूस गाडीला गेला. त्यात बियाणं, खत, फवारणी, वेचाईची मजुरी आपल्याच खिशातून. ज्याच्याकडं वर्षाला एवढा पैसा मोकळा निघतो त्यानं जरूर घ्यावी. ज्याला दुरुस्तीसाठी सोनं गहाण ठेवावं लागेल, त्यानं थांबावं.

पांदण रस्त्यावर ही गाडी चालते का?

बरेच जण म्हणतात, आपले रस्ते खराब, म्हणून ही गाडी पाहिजे. इथं दोन गोष्टी समजून घ्या.

पहिली म्हणजे प्रत्येक मोठी गाडी फोर बाय फोर नसते. फॉर्च्युनर अन् एन्डेव्हर या दोन्ही टू बाय फोरमध्येही विकल्या गेल्या, म्हणजे फक्त मागची दोन चाकं ओढणारी. दिसायला दोन्ही सारख्याच. आत गिअरजवळ एच-२, एच-४, एल-४ असा लिव्हर किंवा बटण आहे का ते पहा. एच-२ म्हणजे दोन चाकं, एच-४ म्हणजे चारही चाकं, अन् एल-४ म्हणजे चारही चाकं हळू पण जास्त जोरानं, ट्रॅक्टरच्या लो गिअरसारखं. असं एच-२ असलेली गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर एच-४ मध्ये पळवू नये. वळताना पुढची अन् मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, त्याचा ताण गिअर अन् शाफ्टवर येतो. पहिल्या पिढीच्या फोर बाय फोर फॉर्च्युनरमध्ये मात्र चारही चाकं कायम ओढतात, तिची रचनाच तशी आहे.

दुसरी गोष्ट आपल्या मातीची. काळी माती पाणी पिली की फुगते अन् चिकटते. टायरच्या खाचा दोन फेऱ्यांतच भरून जातात अन् टायर गुळगुळीत होतो. मग चार चाकं फिरली काय अन् दोन फिरली काय, गाडी जागेवर. त्यात फॉर्च्युनरचं वजन २० ते २२ क्विंटल. जड गाडी ओल्या काळ्या मातीत जास्त खोल जाते. बाहेर काढायला शेवटी ट्रॅक्टरच लागतो. डोंगर, वाळू, दगड यासाठी ही गाडी उत्तम आहे. आपल्या पावसाळी पांदणीवर तिचा फायदा फार मर्यादित. उन्हाळ्यात कोरड्या पांदणीवर उंचीचा उपयोग होतो, पण तेवढं काम बोलेरोही करते, अन् त्यासाठी सेलूतला मिस्त्री पुरतो.

घरातल्यांना सोयीची का?

रोजचं काम म्हणजे काय? पोरांना शाळेत सोडणं, सेलूचा बाजार, वर्ध्याचा दवाखाना, कधी केळझरच्या गणपतीला, कधी घोराडला, महिन्यातून एखाददोनदा नागपूर.

म्हाताऱ्या माणसांना या गाडीत चढणं अवघड जातं. नऊवारी नेसलेल्या आजीला किंवा गुडघे दुखणाऱ्या आजोबांना पायरी नसली तर दोघांनी धरून चढवावं लागतं. तिसऱ्या ओळीत बसलं की गुडघे वर येतात, तिथं लेकरंच बरी. घेण्याआधी घरच्या सगळ्यात वयस्कर माणसाला एकदा गाडीत बसवून पहा. घरातली बाई गाडी चालवत असेल तर तिच्याही हातात देऊन पहा.

फॉर्च्युनरची लांबी पावणेसोळा फूट, रुंदी सहा फुटांच्या वर. गावातल्या गल्लीत समोरून बैलबंडी आली तर मागं घेताना घाम फुटतो. आठवडी बाजाराच्या दिवशी उभी करायला जागा सापडत नाही.

महामार्गावर मात्र ही गाडी आपलं मोल दाखवते. नागपूर ते शिर्डी समृद्धी ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला अन् ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. येळाकेळीच्या नाक्यावरून चढलं की लांबच्या प्रवासात मोठी गाडी थकवत नाही. पण कारची मर्यादा ताशी १२० आहे, हे विसरू नका. उंच अन् जड गाडी अचानक वळवली तर उलटायचा धोका छोट्या गाडीपेक्षा जास्त, अन् थांबायला चांगले ब्रेक लागतात. रात्री बोर अभयारण्याच्या बाजूनं येताना रोही किंवा रानडुक्कर आडवं आलं तर जोरात स्टिअरिंग फिरवणं जास्त घातक. आधीच वेग कमी ठेवणं हाच उपाय.

टायर किती जुना हे त्याच्यावरच लिहिलेलं असतं. चार आकडे शोधा. २३१९ असं असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर घेऊन समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर जाऊ नका.

कोणती गाडी, काय पहायचं?

पहिल्या पिढीच्या ३.० लिटर फॉर्च्युनरला टायमिंग बेल्ट असतो, तो दीड लाख किलोमीटरला बदलावा लागतो. बदलल्याचं बिल मागा. चालू गाडीत तो तुटला तर इंजिन उघडावं लागतं. २०१६ नंतरच्या २.८ लिटरला चेन आहे.

एन्डेव्हर चालवायला दमदार, पण फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं. पजेरो स्पोर्टही आता नवी मिळत नाही. म्हणून त्या स्वस्त आहेत. भाग कुठून अन् किती दिवसांत येतील, हे मिस्त्रीला आधी विचारा.

जुन्या डिस्कव्हरी अन् रेंज रोव्हरमध्ये बऱ्याचदा एअर सस्पेन्शन असतं. स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या. रबर जुनं झालं की हवा गळते अन् सकाळी गाडी एका बाजूला बसलेली दिसते. अशा गाडीचा दोष संगणक लावल्याशिवाय कळत नाही. सेलूत, वर्ध्यात ते जमलं नाही तर नागपूरला क्रेननं न्यावी लागते. घरात ही एकच गाडी असेल तर असा धोका पत्करू नये.

एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल गाडी असेल तर सायलेन्सरच्या लाईनमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ती काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. रोज घर ते वावर दोन-तीन किलोमीटरच चालवली तर फिल्टर तुंबतो. तो काढून टाकायचा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका, ते बेकायदेशीर आहे.

कागदपत्रांत फसू नका

– दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ती कायम ठेवली. २०२५ मध्ये काही सवलत मिळाली. पण या काळात तिकडच्या बऱ्याच गाड्या दुसऱ्या राज्यांत विकल्या गेल्या. परराज्यातली गाडी घेतली तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते अन् महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. नव्या डिझेल कारला तो किमतीप्रमाणं १३ ते १५ टक्के आहे, जुन्या गाडीला वयाप्रमाणं कमी होतो. हा आकडा आधी काढा, मग भाव करा.
– खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २०१३ ची गाडी घेतली तर २०२८ मध्ये तपासणी, नूतनीकरण अन् पर्यावरण कर आलाच.
– फॉर्म २९ अन् ३० भरून नावावर करा. कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ अन् बँकेचं पत्र घ्या. नुसत्या स्टँप पेपरवर गाडी ठेवू नका. आरटीओत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. विकणाऱ्यानंही हे लक्षात ठेवावं.
– विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करा.
– एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाकून मालक, विमा, बोजा पहा. ई-चलान किती बाकी आहेत तेही पहा. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबर प्लेट बसवली आहे का बघा.
– समोर लोखंडी बंपर गार्ड असेल तर काढा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं त्यावर कारवाई करायला सांगितलं. धडकेत एअरबॅग वेळेवर उघडण्यात त्याची अडचण होते. काळी फिल्म २०१२ पासून बंद आहे.
– सीटबेल्ट पूर्ण ओढून पहा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. चिखलाचा डाग, गंज किंवा कुबट वास असेल तर गाडी पुरात बुडालेली असू शकते.

मग घ्यावी का?

महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या वर, तेही महामार्गावर फिरणं असेल, रोजच्या कामाला घरी दुसरं वाहन असेल, अन् वर्षाला दोन लाख शेतीच्या पैशाला हात न लावता निघत असतील, तर चांगली राखलेली फॉर्च्युनर वाईट सौदा नाही. तिचे मिस्त्री अन् भाग सापडतात, पुन्हा विकायलाही जाते. घेण्याआधी ओळखीच्या मिस्त्रीला दोन हजार रुपये द्या अन् गाडी खालून-वरून दाखवून घ्या.

घरात एकच गाडी अन् तीच सगळ्या कामाची असेल, तर तेवढ्याच पैशात नवी अर्टिगा किंवा बोलेरो येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलल्यानं नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या आहेत, त्यामुळं जुन्या गाडीचा भाव करताना नवीचा आजचा भाव समोर ठेवा. वॉरंटी मिळते, कर्जाचं व्याज साधारणपणे कमी बसतं, अन् नोंदणीची १५ वर्षं पूर्ण हातात असतात.

सौदा ठरवायला जाताना गाडीचा फोटो बाजूला ठेवा अन् वरचा वर्षाचा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी कागदावर मांडा. तो घरच्यांना वाचून दाखवा. सगळ्यांनी मान डोलावली, तरच विसार द्या.